गुपित ठेवायचंय? मग सिनेमा व्हा

आपल्या दिनक्रमाची कोणी दखल घेत नाही, असं वाटत असेल तर नवा संगणक घ्या. मायक्रोसॉफ्टने मे २०२४ मध्ये 'रिकॉल' जाहीर केलं ते तुमच्यासाठीच. दर काही सेकंदांनी पडद्याचं छायाचित्र काढायचं, त्यातला मजकूर वाचून ठेवायचा आणि पुढे कधी विचारलंत तर शोधून द्यायचा. ही सोय सुरुवातीला आपोआप चालू राहणार होती. सगळं लक्षात ठेवणाऱ्या यंत्राच्या आखणीत मालकाला विचारायचं तेवढं राहून गेलं. आरडाओरड झाल्यावर जूनमध्ये कंपनीला तेही आठवलं, आणि आता चालू करायचं की नाही हे तुम्ही ठरवता. तेव्हा कुरकुर पुरे.

'पण माझी माहिती?' असलं काही विचारू नका. ती तुमच्याच संगणकावर राहते, बाहेर जात नाही. पहिल्या आवृत्तीत ती साध्या डेटाबेसमध्ये होती आणि सुरक्षातज्ज्ञांनी ती उपसून काढणारं साधन लगेच लिहून दाखवलं. चोराने तरी दहा कपाटं का उचकटावीत? आता नोंदी कूटबद्ध असतात, चेहरा किंवा बोट दाखवल्यावर उघडतात. चेहरा ओळखला गेला नाही तर पिनही चालतो. तुमचा पिन घरात कोणाकोणाला पाठ आहे, हा विचार मनात आणू नका. ज्याच्यापासून लपवायचं तो बहुधा त्याच सोफ्यावर बसलेला असतो.

मित्राने आपोआप पुसला जाणारा निरोप पाठवला तर निवांत वाचा. त्याच्याकडून तो पुसला जाईल, तुमच्याकडे त्याचं छायाचित्र राहील. त्याची परवानगी घेतली का, असं विचारण्याची रीत अजून पडलेली नाही. खासगी निरोपांसाठीच्या 'सिग्नल' अ‍ॅपवाल्यांना मात्र हे रुचलं नाही. मे २०२५ मध्ये त्यांनी विंडोज ११ वर आपली खिडकी छायाचित्रात काळी दिसेल अशी व्यवस्था केली. कशी? तर खिडकीतला मजकूर म्हणजे कॉपीराइट असलेला सिनेमा आहे, अशी खूण विंडोजला करून.

यातलं मर्म नीट समजून घ्या. सुरुवातीच्या रिकॉलबद्दल कंपनीनेच लिहून ठेवलं होतं की पासवर्ड आणि बँक खात्याचे क्रमांक ते झाकणार नाही. नक्कल-संरक्षण असलेल्या चित्रपटाकडे मात्र ते अदबीने पाठ फिरवणार होतं. पासवर्ड आणि कार्डाचे क्रमांक गाळणारी चाळणी नंतर आली, पण मानपानाचा क्रम तेव्हाच कळला. म्हणून यापुढे डॉक्टरांचा अहवाल उघडण्याआधी एखादा निर्माता गाठा, वितरणाचे हक्क विकून टाका. नायक तुम्हीच आहात, नाव सावकाश ठेवू.