एम-८७चा झोत, आइनस्टाइन आणि ‘संगणकातलं कार्टून’

व्हॉट्सॲपवर एक दावा पुन्हा फिरतोय. एम-८७ दीर्घिकेच्या केंद्रातल्या कृष्णविवराजवळून निघणारा पदार्थाचा झोत प्रकाशाच्या सहापट वेगाने धावतो, हे खुद्द हबल दुर्बिणीने मोजलंय, म्हणजे आइनस्टाइन चुकला. कृष्णविवरातून काहीच सुटत नसेल, तर झोत आला कुठून? आणि शास्त्रज्ञांची सिम्युलेशन्स, म्हणजे संगणकावर गणिताने उभ्या केलेल्या प्रतिकृती, म्हणजे हवं ते दाखवणारं कार्टून.

सहापटीचा आकडा खरा आहे, १९९९ साली तो प्रसिद्ध झाला. पण हा वेग आभासी, आणि त्याचा हिशेब शाळेतल्या त्रिकोणमितीचा. समजा, झोतातली एक गाठ प्रकाशाच्या ९९ टक्के वेगाने, आपल्या दिशेपासून १० अंश कलून येतेय. १०० वर्षांत ती ९९ प्रकाशवर्षं कापते. तेवढ्यात ती आपल्याकडे साडेसत्त्याण्णव प्रकाशवर्षं सरकते, आडवी सतरा. सुरुवातीला निघालेला प्रकाश तोवर १०० प्रकाशवर्षं पुढे आलेला असतो, म्हणजे गाठीच्या जेमतेम अडीच प्रकाशवर्षं पुढे. त्यामुळे शेवटी निघालेला प्रकाश पहिल्याच्या मागोमाग अडीच वर्षांतच पोचतो, आणि आपल्याला दिसतं ते अडीच वर्षांत सतरा प्रकाशवर्षं! जवळजवळ सातपट. खगोलशास्त्रज्ञ मार्टिन रीस यांनी हे १९६६मध्येच मांडलं होतं, तेव्हा असा वेग कुणी पाहिलाही नव्हता.

दुसरा मुद्दा पटकन निकालात निघतो. झोतातला पदार्थ घटनाक्षितिजाच्या, म्हणजे जिथून प्रकाशही परतत नाही त्या सीमेच्या, बाहेरूनच उडतो. त्याला ऊर्जा मिळते ती कृष्णविवराच्या फिरण्यातून, पिळल्या गेलेल्या चुंबकक्षेत्रामार्फत. ही कल्पना ब्लँडफर्ड आणि झ्नायेक या शास्त्रज्ञांनी १९७७मध्ये मांडली.

आता ‘कार्टून’. सिम्युलेशनमध्ये झोत कुणी काढून ठेवत नाही. कृष्णविवर, त्याभोवती तप्त वायूचं कडं, त्यात दुबळं चुंबकक्षेत्र, एवढंच सुरुवातीला भरतात. पुढचं समीकरणांच्या हाती. झोत निघाला तर निघाला. २०१९मध्ये इव्हेंट होरायझन टेलिस्कोपच्या, म्हणजे जगभरच्या रेडिओ दुर्बिणी जोडून कृष्णविवराची प्रतिमा घेणाऱ्या प्रकल्पाच्या, चमूने अशा ४३ सिम्युलेशन्समधून साठ हजारांवर प्रतिमा बनवल्या. कृष्णविवर अजिबात न फिरणारी सगळी मॉडेल्स बाद झाली, कारण एम-८७च्या झोताइतकी ताकद त्यांच्यातून निघेना. २०२१मध्ये ध्रुवीकरणाची, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेत कंप पावतात याची, मोजणी आली आणि कृष्णविवराजवळ चुंबकक्षेत्र शेवटपर्यंत दुबळंच राहणारी मॉडेल्सही गळली. हवं ते दाखवणाऱ्यांनी एवढी मॉडेल्स स्वतःच्या हाताने कशाला फेकली असती?

टीका करायचीच तर जागा आहेत. इलेक्ट्रॉनचं तापमान बहुतेक वेळा समीकरणांतून येत नाही, ते वरून गृहीत धरतात. झोताच्या पोकळीत घनता इतकी घटते की गणितच कोलमडतं, म्हणून प्रोग्राम तिथे थोडा कृत्रिम पदार्थ ओततो. मग प्रतिमा काढताना त्या भागाचा प्रकाश वगळावा लागतो. हे सगळं त्या चमूच्याच शोधनिबंधांत छापलेलं आहे.