पाय रुंद आहेत, भाऊ!

नागपूरच्या सीताबर्डीतलं चौथं दुकान, अन् चौथ्यांदा तेच! "रुंद पंजाचे रनिंग शूज दाखवा" म्हटलं की एक नंबर मोठा आणून ठेवतात. अहो, लांबी वेगळी, रुंदी वेगळी! मोठ्या नंबरात टाच मागे घसरते अन् करंगळी तशीच चेपते. सेमिनरी हिल्सचा उतार उतरताना अंगठ्याचं नख काळंनिळं झालं माझं. धावताना पाय सुजतो, बोटांपुढे अंगठाभर जागा लागते, म्हणून शूज घ्यायला मी मुद्दाम संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना जातो. तर दुकानदार म्हणून राहिले, "घालून घालून सैल होईल." नाही होत! रुंदीची 2ई, 4ई अशी वेगळी मापं असतात, ती ठेवा ना. रविवारी 15 किलोमीटर धावायचेत, अन् जुन्या शूजचा तळ 800 किलोमीटरनंतर पार दबलाय.