आवाजावरनं कळतंय, वैनी

होळी होऊन दोन दिवस झाले तरी माझं डोकं थंड झालेलं नाही, म्हणून लिहितेय. सासूबाई पुण्याला नणंदेकडं, त्यामुळं यंदा पोळ्या माझ्या एकटीच्या गळ्यात. डाळ अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, डाळ बोटानं चेपली की पीठ झाली पाहिजे, मगच गूळ, नाहीतर ती टणक राहते, हे सगळं पाठ. येळवणीसाठी (म्हणजे कटाची आमटी) डाळीचा कट काढला, गूळ घातला, तो विरघळून पुरण पातळ झालं (ते होतंच, मग आटवायचं) आणि नेमका गॅस संपला. दुसरी टाकी पंधरा दिवस रिकामी, नवरा पंधरा दिवस 'करतो बुक' म्हणतोय, परवा एकदाचा केला. इंडक्शनवर माझं पितळेचं पातेलं चालत नाही. बसले दीड तास पातेल्याकडं बघत.

शेवटी सिलेंडरवाला आला. तीन मजले, लिफ्ट नाही, मामा घामाघूम. रेग्युलेटर बसवून दिला, मी लगेच पातेलं चढवलं. आता ओटीपी. तो नवऱ्याच्या मोबाईलवर, आणि नवरा फोन उचलत नाही. म्हणजे मामा स्वयंपाकघराच्या दारात, मी ओट्याशी, दोघंही अडकलो.

"वैनी, सैल हाय."

"काय?"

"पुरण. आवाजावरनं कळतंय. पचक-पचक वाजालंय. गूळ ज्यादा पडला असंल."

"मी मोजून घालतो ओ," मी म्हटलं. (आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो, पुण्याच्या जावेला अजून हसू येतं, येऊदे.)

"मोजून न्हाई, गूळ बघून घालायचा. मऊ लागला की हात आखडायचा."

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरीत पेठ वसवली, तिथं गुळाचा बाजार भरायला लागला, आणि तेव्हापासून या गावातल्या प्रत्येक बाप्याला गुळातलं कळतं असा त्याचा समज आहे. आमचे सासरे साठ वर्षं ताटावर बसून 'जायफळ कमी' म्हणत आलेत, जायफळ डब्यात कुठं असतं ते विचारा. चार तास ओट्याशी बाईनं उभं राहायचं आणि मार्क यांनी द्यायचे.

"उलथनं हुबं करून बघा," मामा.

केलं. उलथनं क्षणभर थांबलं आणि एसटीत डुलकी लागलेल्या माणसासारखं हळूहळू कडेला कललं. मामा काही बोलले नाहीत. नुसतं छताकडं बघितलं. ते जास्त लागलं.

मग मी माझा हुकमी पत्ता काढला. "तुम्ही कधी केलाय काय ओ पुरण?"

"दर साली. मंडळीचं हात संधिवातानं धरल्यात, चार वर्सं मीच करतो. पाट्यावर वाटतो, यंत्राला चव न्हाई."

झालं, बोलायला तोंडच उरलं नाही. मी गपगुमान आच वाढवली आणि हलवत राहिले, हातावर दोन चटके. मामा तिथनं सूचना देतायत, "तळाला लागंल, तळाला!" वीस मिनिटांनी उलथनं उभं राहिलं, तेव्हा त्यांनी अशी मान डोलावली की जणू त्यांनीच धरून ठेवलं होतं.

तेवढ्यात नवऱ्याचा फोन. "अगं मिटिंगमध्ये होतो. कसला ओटीपी?" होळीच्या दिवशी मिटिंग.

मामांना म्हटलं, गरम येळवणी तरी घेऊन जावा. पोळीला नको म्हणाले, साखर आहे. पाण्याची बाटली मोरीत ओतली आणि पुढं केली, गाळून गच्च भरून घेतली. वर चढवायचे तीस रुपये पण घेतले, ते पावतीवर नसतात. पुरण शिकवायची फी धरली तर स्वस्त म्हणायचं, पण मी शिकवणी लावली कधी होती?

जाताना जिन्यातनं ओरडले, "पयली पोळी फुटंल, घाबरू नगा!"

पहिली फुटली. पुरण तव्यावर सांडून काळं झालं, घरभर धूर. दुसरी पण फुटली, ते मात्र मामांनी सांगितलं नव्हतं.