बुटांचे पिवळे सोल, ब्लीच-व्हिनेगरची बादली आणि बाथरूमचं बंद दार

पांढऱ्या स्नीकर्सचे पिवळे सोल "अर्ध्या तासात नव्यासारखे" करण्याचा एक निरोप सध्या सगळीकडे फिरतोय. परवा तो आमच्या घरच्या ग्रुपवर आला आणि खाली ताईने लिहिलं, "रविवारी करून बघते." ताई, रविवारच्या आत हे वाच.

निरोप थोडक्यात असा: पिवळेपणा म्हणजे सोलमध्ये मुरलेला मळ. बादलीत गरम पाणी, एक कप ब्लीच आणि एक कप व्हिनेगर घ्या. व्हिनेगर नसेल तर संडास साफ करायचं लिक्विड चालेल. वास घरभर पसरू नये म्हणून बाथरूमचं दार लावून घ्या. अर्ध्या तासाने टूथपेस्ट आणि खाण्याच्या सोड्याने घासा, नीळ फिरवा, दिवसभर कडक उन्हात ठेवा. पुन्हा पिवळे पडू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवा.

आधी त्या बंद दाराबद्दल. घरगुती ब्लीच म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट. त्यात कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर हे सौम्य आम्ल आहे. संडासाच्या बहुतेक लिक्विडमध्ये मात्र हायड्रोक्लोरिक आम्ल असतं, म्हणजे "नसेल तर हे चालेल" म्हणून सुचवलेला पर्याय मूळ कृतीपेक्षाही घातक आहे. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड असतो, त्यामुळे तो खालीच साचतो. बादलीपुढे स्टुलावर बसून बूट घासणाऱ्या माणसाचं नाक नेमकं तिथेच असतं. आपल्या फ्लॅटमधलं बाथरूम केवढं असतं ते सांगायला नको, आणि त्याचं दार लावून घ्या म्हणे!

हा काही माझा नुसता तर्क नाही. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने 24 एप्रिल 2020 च्या साप्ताहिक अहवालात एका बाईची हकिकत दिली आहे. करोनाच्या धास्तीने तिने भाजी-फळं धुवायला सिंकमध्ये ब्लीचचं 10 टक्क्यांचं द्रावण, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं. भाजी आणि बूट एवढाच काय तो फरक, बाकी कृती हीच. उग्र वास आला, श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. रुग्णालयात तिच्या रक्तातला ऑक्सिजन उतरलेला आढळला, छातीत घरघर होती. ऑक्सिजन आणि श्वासनलिका मोकळी करणारी औषधं दिल्यावर ती सावरली. त्याच अहवालानुसार 2020 च्या पहिल्या तीन महिन्यांत साफसफाईच्या आणि निर्जंतुक करणाऱ्या रसायनांपायी तिथल्या विषबाधा केंद्रांना 45,550 फोन आले, आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा 20 टक्क्यांहून जास्त.

कुणी हे मिश्रण आधीच केलं असेल तर बादली उचलायला किंवा त्यात आणखी काही ओतायला वाकू नका. बाहेर या, दारं-खिडक्या उघडा, मोकळ्या हवेत जा. खोकला थांबत नसेल किंवा छाती भरून आली असेल तर 108 ला फोन करा. "आता बरं वाटतंय" म्हणून गाफील राहू नका, फुप्फुसांचा त्रास काही तासांनी उलटून येऊ शकतो.

एवढं करून सोल पांढरा होत नाही तो नाहीच. पिवळेपणा हा बहुतेक वेळा मळ नसतोच. भांड्यांचा साबण आणि जुन्या टूथब्रशने घासूनही एकसारखी पिवळट झाक उरली, तर ती त्या पदार्थातच झालेली आहे: ऊन, हवा आणि उष्णतेने रबराचं, फोमचं ऑक्सिडेशन होतं, काही प्रकारचं पॉलियुरेथेन (सोलसाठी वापरतात तो एक प्लास्टिकचा प्रकार) तर अतिनील किरणांनी हमखास पिवळं पडतं. ब्लीच ते उलटवत नाही. उलट रबर कडक होतं, चिरा पडतात, कधी आणखी पिवळं दिसतं.

सोडा आणि व्हिनेगर एकत्र केलं की फेस भरपूर येतो, पण दोघं एकमेकांना निकामी करतात. टूथपेस्ट घासणीचं काम करते. वरचे काळे ओरखडे निघतात, हे मान्य. मेलामाइन स्पंज तेच काम जास्त नीट करतो. नीळ पीटीच्या कॅनव्हास बुटांच्या कापडाला चालते, रबरावर निळे डाग पडतात.

उन्हाबद्दल मात्र निरोपात अर्धं सत्य आहे, नाइलाजाने कबूल करते. नुसतं ऊन हे पिवळेपणाचं मोठं कारण आहे. पण हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ऊन दिलं तर अतिनील किरणांनी पेरॉक्साइडला जोर येतो आणि रंग खरोखर उतरतो. जुन्या कॉम्प्युटरांच्या पिवळ्या पडलेल्या खोक्यांवर हौशी लोकांनी 2008 च्या सुमारास हीच पद्धत रूढ केली, तिला रेट्रोब्राइट म्हणतात.

बुटांसाठी ती अशी करा. लेस काढा, सोल साबणाने धुऊन पूर्ण वाळवा. आधी ब्लीच वापरलं असेल तर त्याचा अंशही राहता कामा नये. सोलच्या वरच्या कडेला मास्किंग टेप लावा आणि बुटाचा वरचा भाग कापडाने झाका, नाहीतर रंगीत शिलाई आणि चामडं फिकं पडतं. हातमोजे घाला. केस रंगवायच्या सामानाच्या दुकानातलं क्रीम डेव्हलपर (म्हणजे क्रीमच्या रूपातलं हायड्रोजन पेरॉक्साइड), 20 व्हॉल्यूम (म्हणजे 6 टक्के) किंवा 30 व्हॉल्यूम (9 टक्के), ब्रशने जाड आणि सारखं लावा. मेडिकलमधलं पातळ पेरॉक्साइड ओघळतं, म्हणून क्रीम. वरून क्लिंग फिल्म घट्ट गुंडाळा. सकाळच्या उन्हात दोन-तीन तास ठेवा, दर अर्ध्या तासाने बूट फिरवा. क्रीम सुकू लागलं तर पुन्हा लावा. पट्टे आणि ठिपके पडतात ते क्रीम सुकल्यामुळेच. दुपारचं रणरणतं ऊन नको, चिकटवलेला डिंक सुटतो आणि फोम आकसतो. मग भरपूर पाण्याने धुवा. घट्ट रबराला चांगला फरक पडतो, पारदर्शक सोलला थोडा, पॉलियुरेथेनला सर्वांत कमी. काही महिन्यांनी पिवळेपणा परत येतो, तेव्हा पुन्हा करावं लागतं. बोटाने दाबून चुरा होणाऱ्या सोलला काहीही लावू नका, तो गेला.

आणि ती प्लास्टिकची पिशवी! आत ओल कोंडते, आणि दमट हवेत पॉलियुरेथेनचे सोल आतून विरतात. मुंबई-कोकणात पावसाळ्यानंतर कपाटातून काढलेल्या बुटांचा चुरा होतो तो याचमुळे. काही प्लास्टिकमधलं बीएचटी नावाचं रसायनही पिवळा डाग सोडतं. धुतल्यावर साबण पूर्ण काढा. कॅनव्हास ओला असतानाच त्यावर पांढरा टिश्यू पेपर गुंडाळून सावलीत पंख्याखाली वाळवा, पिवळे ओघळ कापडाऐवजी कागदावर येतात. नंतर कापडी पिशवीत किंवा पुठ्ठ्याच्या खोक्यात, सिलिका जेलच्या दोन पुड्या घालून, अंधारात ठेवा. आणि अधूनमधून घाला.