नोकरी धरली म्हणून अपंगत्वाची पेन्शन तुटत नाही

खानापूर-निपाणी भागातल्या माजी सैनिकांमध्ये एक मेसेज फिरतोय: "डिसॅबिलिटी पेन्शन फक्त लढाईत जखमी झालेल्यांना, आजारपणाला नाही. सिक्युरिटीची नोकरी धरली की तीही बंद. जुन्या केसला आता दाद नाही." तो वाचून आमच्या गावातला एकजण गेटवरची नोकरी सोडायला निघाला होता. गुडघे गेलेत, दोन मुलं शिकताहेत. म्हणून लिहितोय.

आधी नोकरीचं. हा घोळ बहुधा अमेरिकेच्या नियमावरून झालाय. तिथं सेवेतल्या आजारामुळे पोटापुरती कायम नोकरी जमत नसेल, तर अपंगत्वाची टक्केवारी कमी असली तरी 100 टक्क्यांच्या दराने भरपाई मिळू शकते. त्यासाठी साधारणपणे एकच आजार 60 टक्के, किंवा सगळे मिळून 70 आणि त्यातला एक तरी 40 टक्के लागतो. म्हणजे त्या वाढीव दरापुरती तिथं कमाई बघतात. आपल्याकडे बघतात ते दोनच गोष्टी: मेडिकल बोर्डाने, म्हणजे सैन्याच्या डॉक्टरांच्या मंडळाने, दिलेली टक्केवारी, आणि आजार सेवेमुळे झाला किंवा बळावला का. 100 टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या 30 टक्के, त्याखाली त्या प्रमाणात. खासगी कंपनीच्या गेटवरचा पगार या हिशेबात कुठेच येत नाही.

याची दुसरी बाजूही खरीच आहे. कामच होत नाही म्हणून टक्का वाढवून देणारी तशी तरतूद आपल्याकडे नाही. ती असायला हवी. कागदावर गुडघ्याचे 30 टक्के, आणि भाताच्या लावणीला वाकताच येत नसेल, तर त्या माणसाचं नुकसान 30 टक्के कसं?

"फक्त लढाईत" हे तर साफ चुकीचं. धरमवीर सिंग हे सैन्याच्या सिग्नल्स (संदेशवहन) विभागातले शिपाई. 1985 ला भरती, 1994 ला फिट्सच्या आजारामुळे घरी पाठवलं, पेन्शन नाकारली. 2 जुलै 2013 ला सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला: भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेतच जडला असं धरायचं, तसं नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, जवानाची नव्हे. सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत, त्यानंतर सुटलेल्यांनी ते वेगळे तपासून घ्यावेत.

जुन्या केसचं म्हणाल तर तरसेम सिंग या जवानाला 1983 ला सैन्यातून काढलं, ते हायकोर्टात गेले 1999 ला. 2008 मध्ये सुप्रीम कोर्टाने उशिरामुळे त्यांची पेन्शन काढून घेतली नाही, थकबाकी मात्र अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच दिली. जितके दिवस गप्प बसाल तितकी थकबाकी बुडते.

तेव्हा भावांनो, पेटीतून डिस्चार्ज बुक आणि मेडिकल बोर्डाचा कागद काढा. बोर्डाने आजारापुढे नेमकं काय लिहिलंय ते जाणत्याकडून वाचून घ्या. अपील फेटाळलं असेल तर बेळगावकडच्यांना सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं कोची खंडपीठ आहे, आणि हद्दीपलीकडे चंदगडात राहणाऱ्या आपल्या भावकीला मुंबईचं.