बारा लाखांपर्यंत कर नाही, पण रिटर्न भरायचंच आहे

‘१२ लाखांपर्यंत उत्पन्न करमुक्त, त्यामुळे आता रिटर्न भरायची गरज नाही’ हा मेसेज गेल्या आठवड्यात मीही दोन ग्रुपवर टाकला होता. त्याचा पहिला भाग अर्धवट आहे आणि दुसरा चूक. घाईत पुढे ढकलला, माफ करा.

नंतर आयकर कायद्यातले करसवलतीचे कलम ८७अ नीट वाचले. आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी नव्या करप्रणालीत करमुक्त मर्यादा ४ लाखच आहे. त्यापुढच्या उत्पन्नावर कर मोजला जातो आणि करपात्र उत्पन्न १२ लाखांच्या आत असेल तर ६० हजारांपर्यंतची सवलत देऊन तो शून्यावर येतो. म्हणजे कर आधी लागतो, मग माफ होतो, आणि हा हिशेब मांडायची जागा म्हणजे रिटर्न. उत्पन्न ४ लाखांवर गेले की ते भरावेच लागते. मुदत चुकली तर ५ हजारांपर्यंत विलंब शुल्क, तेही एक रुपया कर नसताना!

आणखी एक मेख आहे. शेअर विकून झालेल्या अल्पकालीन भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या (म्हणजे ज्यावर वेगळ्या दराने कर लागतो अशा) उत्पन्नावर ही सवलत मिळत नाही. ठेवीच्या व्याजावर बँकेने टीडीएस (व्याज देतानाच कापून घेतलेला कर) कापला असेल तर तो परत मिळायलाही रिटर्नच लागते. भरल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय (ऑनलाइन पडताळणी) करा, हे बरेच जण विसरतात.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलात, त्यांना हा खुलासा द्या.