तिसरं सिझर आणि भलत्याच जागेची भीती

गेल्या महिनाभरात एकच मजकूर माझ्या फोनवर चार वाटांनी आला. आधी मावससासूबाईंकडून, मग सोसायटीतल्या बायकांच्या ग्रुपवर, मग माहेरहून, आणि शेवटी ह्यांच्या कंपनीतल्या मित्राकडून, 'वहिनींना दाखव' असं लिहून. माझी दोन सिझर झाली आहेत, तिसरं पुढच्या महिन्यात, हे सगळ्यांना ठाऊक. (दोन मुली आहेत. नाही, मुलासाठी नाही. हे एकदा लिहून टाकलेलं बरं.)

मजकूर थोडक्यात असा: 'एकदा सिझर की कायम सिझर' ही डॉक्टरांनी कमाईसाठी उठवलेली आवई आहे. तिसऱ्या सिझरला गर्भपिशवी फाटतेच, म्हणून सरकारने दोनचीच परवानगी दिली आहे. मणक्यातल्या इंजेक्शनने कंबर कायमची जाते. सिझरवालीला दूध येत नाही. आणि उपाय काय, तर नवव्या महिन्यात रोज कोमट दुधातून तूप, शेवटच्या आठवड्यात एरंडेल, आणि कळा सुरू झाल्या की दवाखान्याकडे धावायचं नाही, घरीच थांबायचं. आपल्या आज्यांची दहा-दहा बाळंतपणं घरीच झाली. खाली सही कुणा 'डॉ.'ची, गावाचा पत्ता नाही.

मी डॉक्टर नाही. नाशिकच्या सिडकोत राहते, सातपूरला एका वर्कशॉपचे हिशेब लिहिते. पण त्या टेबलावर दोनदा आडवी झाले आहे, आणि या खेपेला माझ्या डॉक्टरबाईंना प्रश्न विचारून इतकं भंडावलंय की त्या आता मला शेवटचा नंबर देतात. तेव्हा एकेक घेते.

'कायम सिझर ही आवई आहे.' यात अर्धं खरं आहे, ते आधी कबूल करते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या खासगी दवाखान्यांत झालेल्या बाळंतपणांपैकी ४७.४ टक्के सिझर होती, सरकारीत १४.३ टक्के. खासगीत जाणाऱ्या बाईचा पिंडच वेगळा असतो असं काही नाही. म्हणजे कात्री गरजेपेक्षा जास्त चालते, हा संशय वेडगळ नाही.

पण ते वाक्य नाशिकच्या कुणा डॉक्टरने कमाईसाठी काढलेलं नाही. न्यूयॉर्कच्या एडविन क्रेगिन नावाच्या डॉक्टरांनी ते १९१६ मध्ये लिहिलं, आणि तेही 'पहिलंच सिझर करताना दहादा विचार करा' हे सांगण्यासाठी. तेव्हा पिशवीवर उभा छेद घेत. तो वण पुढच्या खेपेच्या कळांत उकलण्याची भीती मोठी. पुढे पिशवीच्या खालच्या पातळ भागावर आडवा छेद घ्यायची पद्धत रुळली आणि हिशेबच बदलला. एक आडव्या छेदाचं सिझर झालेल्या बाईने नॉर्मलचा प्रयत्न केला, तर १०० पैकी ६० ते ८० जणींना ते जमतं. वण फाटण्याचा धोका साधारण २०० जणींत एकीला. दोन सिझर झालेली असतील तर तो शंभरात एकीच्या थोडा वरच जातो. तेव्हाही दार अगदी बंद नसतं, पण बाई निवडून, आणि ज्या दवाखान्यात रात्री-अपरात्री ऑपरेशन थिएटर, भूलतज्ज्ञ आणि रक्त तिन्ही हाताशी आहेत तिथेच.

दुसऱ्या खेपेला मी नॉर्मलसाठी हटून बसले होते. तेव्हाच्या डॉक्टरांनी सरळ सांगितलं, "रात्री दोनला भूलतज्ज्ञ घरून यायला पाऊण तास लागतो, आणि तुमच्या वणाला काही झालं तर माझ्या हातात तेवढा वेळ नसेल." मला राग आला होता. आज वाटतं, प्रामाणिक माणूस होता. राग धरायचाच तर पहिल्या सिझरच्या वेळी प्रश्न न विचारणाऱ्या स्वतःवर धरायला हवा होता. पहिल्याचा वचपा तिसऱ्यात काढता येत नाही.

एक गोष्ट मात्र मला सात वर्षांत कुणी सांगितली नव्हती. पोटावरचा वण पाहून पिशवीवरचा वण कळत नाही. वर आडवा टाका, आत उभा छेद, असं असू शकतं. ते कळतं फक्त ऑपरेशनच्या नोंदीवरून. आणि ती नोंद कुठे? पहिल्या खेपेचा कागद भाड्याच्या घरात पावसाने भिजून लगदा झाला. दवाखान्यात गेले तर जुनी कागदपत्रं रद्दीत गेली होती. त्यांची चूक म्हणावी तर तेही नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार डॉक्टरांनी नोंदी तीन वर्षं ठेवायच्या असतात, आणि रुग्णाने मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षं उलटली की आपलं नशीब. दुसऱ्या खेपेचा कागद सापडला म्हणून निभावलं. 'खालच्या भागावर आडवा छेद, मूत्राशय वर चिकटलेलं' अशी दीड ओळ. त्या दीड ओळीवर यावेळची निम्मी तयारी उभी आहे. हे वाचणारीचं एक जरी सिझर झालं असेल, तर आधी उठून तो कागद शोधा, मग पुढचं वाचा.

'तिसऱ्याला पिशवी फाटतेच, सरकारने दोनचीच परवानगी दिली.' सिझर किती करावीत यावर भारतात कुठलाही कायदा नाही. राज्य सरकारी नोकरीला २००५ चे लहान कुटुंबाचे नियम आहेत, पण ते मुलं मोजतात, टाके मोजत नाहीत. कुणीतरी दोन्हीची खिचडी केलेली दिसते.

आणि फाटण्याचं म्हणाल तर वण फाटतो तो बहुतेक कळांच्या जोराने. ठरवून, कळा सुरू होण्याआधी केलेल्या सिझरला ते क्वचितच होतं. कधी पोट उघडल्यावर वण इतका विरळ झालेला दिसतो की आतलं पाणी काचेतून दिसावं तसं दिसतं. माझ्या शेजारणीला डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. तिची मुलगी आता बालवाडीत जाते.

मग तिसऱ्या सिझरला भ्यायचंच नाही का? भ्यायचं की! पण योग्य जागी. या मजकुरात जिचं नावही नाही ती गोष्ट म्हणजे वार, पिशवीला चिकटून नाळेतून बाळाला पोसणारी गादी, इंग्रजीत प्लॅसेंटा. पिशवीवर जुना वण असला आणि नवी वार नेमकी त्या वणावर रुजली, तर ती मुळं घट्ट धरते आणि बाळ झाल्यावर सुटत नाही. ओढली तर रक्ताचा लोट. अशा वेळी जीव वाचवायला बऱ्याचदा पिशवीच काढावी लागते. अमेरिकेत तीस हजारांहून जास्त सिझरची पाहणी करून २००६ मध्ये आकडे छापले गेले, ते मी हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवलेत. वार अशी चिकटण्याचं प्रमाण दुसऱ्या सिझरला हजारात ३, तिसऱ्याला ६, चौथ्याला एकदम २१. म्हणजे तिसरं हे कड्याचं टोक नाही, चढ खरा त्यापुढे लागतो. पण त्याच पाहणीतला दुसरा आकडा वाचून मी वही मिटली होती. वार जर पिशवीच्या तोंडावर आडवी आली असेल, तर तिसऱ्या सिझरला ती चिकटलेली असण्याची शक्यता शंभरात ४०.

हजारात सहा की शंभरात चाळीस, हे ठरतं वार बसली कुठे यावर. आणि ते सोनोग्राफीत दिसतं. पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत वार खाली दिसली तर लगेच हाय खायची नाही. पिशवी वाढते तशी ती बहुतेकींची वर सरकते. ३२ व्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा बघतात. वार वणावरच असेल तर वार आणि पिशवी यांच्यामधली बारीक काळी रेघ शाबूत आहे का, हे डॉप्लर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, लावून शोधतात. रेघ पुसलेली दिसली तर बाळंतपण छोट्या दवाखान्यात करायचंच नाही. रक्तपेढी, अतिदक्षता विभाग, मूत्राशयाचा सर्जन, सगळं एका छताखाली हवं. आपल्याकडे त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय आहे, आडगावचं मेडिकल कॉलेज आहे. तारीखही अलीकडे ओढून ३४ ते ३७ आठवड्यांच्या दरम्यान घेतात, म्हणजे रात्री अचानक रक्तस्राव होऊन धावाधाव होत नाही. वार चिकटल्याचं आधी कळलेली बाई आणि टेबलावर कळलेली बाई, यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असतं.

माझी वार वरच्या बाजूला आहे, मागच्या भिंतीला. हे कळलं त्या दिवशी कॉलेज रोडवर उभ्याने दोन प्लेट पाणीपुरी खाल्ली.

'मणक्यातल्या इंजेक्शनने कंबर जाते.' सुई मज्जारज्जूत जात नाही, तो वरच संपतो. सुई त्याच्या खालच्या पाण्यात जाते. टोचल्या जागी चार दिवस ठणकतं, क्वचित कुणाला डोकेदुखी लागते आणि तिच्यावर इलाज आहे. कायमची कंबरदुखी नॉर्मलवालीलाही तेवढीच असते. माझीही दुखते. नऊ महिन्यांचं ओझं, मग दीड वर्ष वाकून पाजणं आणि कडेवर बारा किलोची पोर, एवढ्यावर इंजेक्शनला दोष द्यायला जागाच उरत नाही.

'दूध येत नाही.' येतं. वार बाहेर पडली की शरीराला निरोप मिळतो, ती खालून पडो की वरून काढलेली असो. एखादा दिवस उशीर होतो एवढंच. त्या दिवसात डबा आणि बाटली घेऊन नातेवाईक उभे असतात, ते थोपवायला एक खंबीर माणूस लागतं. माझ्या वेळी वॉर्डातल्या मावशींनी बाळ माझ्या काखेत, टाक्यांपासून लांब धरायला शिकवलं. तेवढं पुरलं.

'कळा येऊ द्या, घरी थांबा.' खरं म्हणजे याच्यासाठीच लिहायला बसले. लिहिणाऱ्याने स्वतःचाच मजकूर वाचलेला नाही. दुसऱ्या मुद्द्यात पिशवी फाटते म्हणतो, आणि शेवटी जिच्यामुळे ती फाटू शकते तीच गोष्ट घरात बसून करायला सांगतो. वर एरंडेल! एरंडेलाने आतडं चाळवतं तसं पिशवीही आवळते. कळा आणायला म्हणूनच ते पूर्वी देत. जुन्या टाक्यांच्या पिशवीला दवाखान्यातही कळा आणणारी काही ठरावीक औषधं देत नाहीत, ती याच धास्तीने. मग घरात चमच्याने पाजायचं?

वण उकलू लागला तर काय होतं, हेही लिहून ठेवते. दोन कळांच्या मध्येही न थांबणारं दुखणं, जुन्या टाक्यांवर कळ, अंगावरून रक्त, बाळाचं हलणं मंदावणं. यातलं काहीही झालं तर मिनिटं मोजावी लागतात. माझं माहेर सुरगाण्याकडे. तिथून १०८ ची गाडी बोलावली तरी घाट उतरून नाशिक गाठेपर्यंत किती वेळ जातो, हे तिथल्या कुठल्याही बाईला विचारा. म्हणून दोन सिझरवाल्या बाईने शेवटचे पंधरा दिवस शहरात नातेवाइकाकडे येऊन राहावं. खर्चाचं म्हणाल तर २०११ च्या जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी रुग्णालयात सिझर, औषधं, रक्त, येणं-जाणं मोफत आहे.

आता आज्या. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं घरी झाली, जगली पाच. तिची धाकटी बहीण दुसऱ्या बाळंतपणात गेली, तिचं नाव घरात कुणी काढत नाही म्हणून ती मोजणीत येत नाही. १९४६ च्या भोर समितीच्या अहवालात हजार जन्मांमागे २० बाया दगावतात असं नोंदलं आहे, म्हणजे लाखाला दोन हजार. महाराष्ट्राचा २०१८-२० चा आकडा लाखाला ३३. आणि समजा आज्या सगळ्या ठणठणीत होत्या, तरी एक फरक उरतोच: आजीच्या पिशवीवर टाका नव्हता.

मुहूर्ताचं मजकुरात नव्हतं, ते आमच्या घरात आहे. सासूबाई पंचवटीतल्या गुरुजींकडून तारीख घेऊन आल्या, ती ३७ व्या आठवड्यात पडत होती. सगळं ठीक असेल तर ३९ आठवडे भरू द्यावेत, त्याआधी काढलेल्या बाळाला श्वासाचा त्रास होण्याची भीती जास्त. डॉक्टरबाईंनी ३९ आठवडे भरल्यानंतरचे तीन दिवस लिहून दिले आणि म्हणाल्या, "यातला निवडायला सांगा गुरुजींना." गुरुजींनी निवडला.

हे सगळं थोडक्यात मी ग्रुपवर टाकलं. मावससासूबाईंनी दोन हात जोडलेले पाठवले आणि पाठोपाठ नागलीच्या भाकरीचे फायदे. संध्याकाळी मात्र पेठहून नणंदेच्या जावेचा फोन आला. तिचं एक सिझर झालंय, आता आठवा लागला. सोनोग्राफीचा कागद हातात धरून तिने इंग्रजी अक्षरं एकेक करून वाचून दाखवली. वार वर होती, माझ्यासारखीच.

"मग ताई, तूप घेऊ का?"

"घे की. तुपाने काही बिघडत नाही."

"आणि एरंडेल? सासूबाईंनी बाटली आणून ठेवलीय."

मी म्हटलं, त्यांना दे फोन.